चार दिवस घराबाहेर : कुकडीचे माहेर

प्रवासाचा विषय आमच्या घरी निघाला म्हणजे प्रथम नकाशा पसरला जातो, मग वेळापत्रके निघतात आणि सर्वांत शेवटी खर्चाचा अजमास निघतो. तो पाहिल्यावर बहुधा नकाशाची घडी पुन्हा पूर्ववत होते. या सदराच्या वाचकांना हा क्रम अपरिचित नसावा. गेल्या आश्विनात मात्र तो मोडला, आणि मोडणारी व्यक्ती म्हणजे आमची चौऱ्यांशी वर्षांची मातोश्री.

आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. नेत्रवैद्यांनी थेंब चालू ठेवले आहेत. पण या विकारात गेलेली दृष्टी परत येत नसते, उरलेली तेवढी जपावयाची असते, हे त्यांनी स्पष्टच सांगितले. दृष्टी कडांकडून हळूहळू आवळत येते, आणि शेवटी माणूस नळीतून पाहावे तसे जग पाहू लागतो. परतताना रिक्षात आई काहीच बोलली नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाली, "मला एक बघायचे राहिले आहे."

आम्हांस वाटले, काशी म्हणेल, फार तर जगन्नाथपुरी म्हणेल. थोरल्या बंधूंनी तर विमानाच्या भाड्याचा हिशेबही मनातल्या मनात मांडला असावा. आई म्हणाली, "कुकडी निघते कोठून, तेवढे मला दाखवा."

या मागणीचा अर्थ कळण्यास आमच्या घरचा थोडा भूगोल सांगितला पाहिजे. कुकडी नदी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या अगदी माथ्याजवळ उगम पावते, जुन्नरवरून पूर्वेकडे वाहत येते, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांच्या सीमेवरून उतरत शिरूरच्या बाजूस घोड नदीला मिळते. आणि घोड पुढे भीमेला. आईचे माहेर टाकळी-निघोजच्या बाजूचे, म्हणजे कुकडीकाठचे. सासर शिरूरच्या खाली, घोडीकाठचे. माझे वडील तेथे शाळामास्तर होते. १९७२ च्या दुष्काळात घोडीचे पात्र कोरडे ठणठणीत पडले, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बायका पहाटे पात्रात वाळू उकरून झिरे करीत आणि वाटीवाटीने हंडा भरीत. आई झिऱ्याशी बसलेली असताना मी तिच्या शेजारी कंदील धरून उभा असे. त्या दिवसांत ती एकदा म्हणाली होती, "माहेरचे पाणी सासरी येते म्हणून मी इतकी वर्षे निश्चिंत होते. पण या नदीचे स्वतःचे माहेर कोठे आहे, ते कोणी पाहिले आहे का?" तो प्रश्न आम्ही सारे विसरलो, तिने तो त्रेपन्न वर्षे सांभाळून ठेवला होता.

योगायोगाने त्याच सुमारास माझा पुतण्या आपल्या मुलासह दोन आठवड्यांच्या सुटीवर आला. तो जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी कोब्लेंझ येथे राहतो. मुलगा अकरा-बारा वर्षांचा. मराठी बोलतो, पण जपून, परक्याच्या अंगणातून चालावे तसे. ऱ्हाइनच्या खोऱ्यात दोन्ही तीरांवर डोंगर, डोंगरांवर किल्ले आणि किल्ल्यांस जोडणाऱ्या पायवाटा आहेत. त्या वाटांवरून तो शाळेच्या मुलांबरोबर पुष्कळ हिंडलेला. आजोबांच्या देशातही किल्ले आहेत असे ऐकल्यामुळे त्यास ते पाहावयाचे होते. पणजीला नदी हवी, पणतूला किल्ले हवेत. नकाशा उघडून पाहतो तो दोन्ही एकाच ओळीत. वसुबारसेच्या आत घरी परतावयाचे ठरवून आम्ही पाच जणांनी गाडी ठरविली आणि निघालो.

कोणत्याही कार्याच्या आरंभी गणपती. त्यातून आमच्या वाटेवर रांजणगाव. पुण्याहून नगर रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरांवर हे क्षेत्र आहे. तेथे पोहोचण्यापूर्वी कोरेगावाजवळ भीमा ओलांडावी लागते. डाव्या हातास वढू बुद्रुक आणि तुळापूर ही गावे राहतात; छत्रपती संभाजीमहाराजांच्या अखेरीशी निगडित अशी ही भूमी. आईने पुलावर हात जोडले. अलीकडे या रस्त्यावर कारखान्यांची इतकी दाटी झाली आहे की रांजणगाव म्हटल्यावर तरुण मंडळींस औद्योगिक वसाहत आठवते, वडीलधाऱ्यांस महागणपती. सकाळी एकाच गाडीतून कामगार आणि दर्शनार्थी उतरताना दिसतात, हे दृश्य मला तरी विजोड वाटले नाही.

अष्टविनायकांतील हा महागणपती. त्रिपुरासुराच्या वधास निघताना शंकराने आधी गणेशाचे स्तवन केले नाही, म्हणून यश येईना. मग स्तवन करून तो विजयी झाला, अशी क्षेत्रकथा आहे. बापानेही मुलाचा मान राखावा लागतो, ही गोष्ट आमच्या बंधूंस विशेष पटली. देऊळ पूर्वाभिमुख आहे, आणि गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळचा. पणतूने मात्र नावच धरले. "रांजण म्हणजे काय?" त्याच्या घरी रांजण कोठून असणार! आई म्हणाली, "पाणी साठवायचे मोठे मातीचे भांडे. अर्धे जमिनीत पुरलेले. ज्याच्या दारात भरलेला रांजण, ते घर श्रीमंत." गावाच्या नावाची व्युत्पत्ती आम्ही कोणास विचारली नाही, पण हा शब्द पुढे चार दिवस आमची पाठ सोडणार नव्हता, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

शिरूर मागे टाकून आम्ही निघोजला गेलो. शिरूरपासून ते सुमारे पंचवीस किलोमीटर असावे. येथे कुकडीच्या पात्रात सुप्रसिद्ध रांजणखळगे आहेत. सारे पात्र काळ्या कातळाचे. त्या कातळात शेकडो गोल खड्डे, कोणी वाटीएवढा, कोणी हौदाएवढा, आणि कित्येक अगदी रांजणासारखे, तोंडाशी अरुंद व पोटात फुगीर. मुलास वाटले, ते माणसांनी कोरले असावेत. वास्तविक हे काम पाण्याचे आणि गोट्यांचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर ज्वालारसाचे थरावर थर पसरले. तोच हा कातळ. पुराच्या पाण्यास कातळातील एखादी खोबण सापडली की तेथे भोवरा होतो. भोवऱ्यात सापडलेला गोटा गरगर फिरतो आणि जात्याच्या खुंट्याभोवती पाळू फिरावी तसा दगडास दळीत जातो. गोटा झिजून संपतो, पुढील पुरात दुसरा येतो. अशी हजारो वर्षे लोटली म्हणजे एक रांजण तयार होतो.

आई काठावरील मळगंगादेवीच्या देवळाशी बसली. लहानपणी देवीच्या यात्रेस ती येथे येत असे. "त्या तिकडच्या मोठ्या खळग्यात उन्हाळ्यातही पाणी असायचे," ती म्हणाली. "खाली नदी आटली तरी देवी रांजण भरून ठेवते, असे आमची आजी सांगायची." दुष्काळात झिऱ्याशी बसलेल्या बाईस या वाक्याचा आधार वाटला असेल, असे मला तेव्हा प्रथमच उमगले. ज्यांच्याबरोबर लहान मुले आहेत त्यांनी येथे फार जपावे. कातळ गुळगुळीत आहे, कुंड खोल आहेत, आणि वरून संथ दिसणारे पाणी आत ओढीचे असते. छायाचित्राच्या मोहाने कडेवर जाण्याचे काही एक कारण नाही.

दुसरे दिवशी ओझर करून आम्ही जुन्नरला उतरलो. ओझरचा विघ्नेश्वर कुकडीच्याच तीरावर आहे. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी त्याच्या शिखरास सोन्याचा मुलामा दिला असे सांगतात. येडगावच्या धरणामुळे येथे नदीस तळ्याचे रूप आले आहे. कुकडीवर येडगाव आणि माणिकडोह, आणि शेजारच्या नद्यांवर वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे, अशी पाच धरणे मिळून कुकडी प्रकल्प झाला आहे. त्याचे कालवे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या अवर्षणाच्या मुलखापर्यंत गेले आहेत. ज्या पाण्यासाठी आईने वाळू उकरली, तेच पाणी आता चिखलगाळासकट उसाच्या सरीत उभे राहते. ऊस आला आणि त्याबरोबर बिबट्याही आला. उसाच्या फडात त्यास आडोसा मिळतो. माणिकडोह येथे वन खात्याचे बिबट्या निवारा केंद्र आहे. या बाजूस येणाऱ्यांनी तिन्हीसांजेनंतर उसाकडेच्या वाटेने मुलांसह फिरू नये, ही सूचना गावकरी स्वतः होऊन देतात. ती मनावर घ्यावी.

तिसरा दिवस शिवनेरीचा. आई पायथ्याशी एका झाडाखाली सतरंजी टाकून बसली, सौभाग्यवती तिच्या सोबतीस राहिली, आणि आम्ही तिघे वर गेलो. बांधीव पायऱ्यांची वाट एकामागून एक सात दरवाजांतून चढते. प्रत्येक दरवाजा आधीच्या दरवाजापासून दिसणार नाही अशा बेताने बसविलेला आहे. शत्रूस दर वळणावर नवीन कोडे पडावे ही योजना. वाटेत शिवाई देवीचे ठाणे लागते. जिजाऊंनी याच देवीवरून मुलाचे नाव ठेवले असे परंपरा सांगते. १९ फेब्रुवारी १६३० रोजी ज्या इमारतीत शिवजन्म झाला ती पाहिली, बदामी तलाव पाहिला, गंगा-जमुना टाक्यांचे गार पाणी डोळ्यांस लावले.

एक गोष्ट मुलास सांगितली, ती पुष्कळ मोठ्यांसही ठाऊक नसते. ज्या गडावर महाराज जन्मले तो गड त्यांना हयातीत कधीच घेता आला नाही. त्यांच्या बालपणीच तो मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी खालचे जुन्नर शहर लुटले. पण गड तो गड राहिला. पुढे फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरास आला होता. त्याने गड चढून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे, ते मोगलांच्या ताब्यातील शिवनेरीचे आहे. साडेतीनशे किल्ल्यांच्या धन्यास आपले जन्मघर परके राहिले, हे ऐकून मुलगा गप्प झाला. घर परके होणे म्हणजे काय, याची थोडी ओळख त्याच्या वयासही असावी.

माथ्यावर पोहोचल्यावर मात्र त्याने मनातील शंका बोलून दाखविलीच. "आजोबा, आमच्याकडच्या किल्ल्यांना छप्पर आहे, खिडक्या आहेत, आत खुर्च्या आहेत. येथे नुसत्या भिंती का?" पुतण्या अंमळ ओशाळला, मला प्रश्न प्रामाणिक वाटला. मी म्हटले, "तुझ्या आवडत्या किल्ल्याचे नाव सांग." त्याने स्टोल्झेनफेल्स असे नाव सांगितले, कोब्लेंझजवळच आहे. "तो पहिल्यापासून तसाच होता का?" मुलगा आठवून म्हणाला, "नाही. फ्रेंच सैन्याने १६८९ मध्ये जाळला. मग खूप वर्षे तो मोडकाच होता. नंतर प्रशियाच्या युवराजाने पुन्हा बांधला." ते पुन्हा बांधणे १८३६ ते १८४२ या काळातले. म्हणजे ज्यास तो जुना किल्ला समजत होता, त्याचा पुष्कळ भाग राजपुत्राच्या हौसेतून उभा राहिलेला होता. ऱ्हाइनवरील बहुतेक किल्ल्यांची हीच कथा आहे. अखंड राहिलेले फार थोडे.

आमच्याकडे हौस पुरविणारा राजपुत्र नव्हता. मोडणारे मात्र होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मेजर एल्ड्रिज याची फौज या भागात आली आणि चावंड, जीवधन, हडसर हे किल्ले तिने घेतले. त्यानंतर इंग्रजांनी या किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडविल्या. हेतू हा की, पुन्हा कोणी गडावर ठाण मांडून बसू नये. गडाचा जीव त्याच्या वाटेत असतो, हे शत्रूस आमच्यापेक्षा अधिक कळत होते. भग्न भिंतींची लाज वाटावयाची नसते; त्या कोणी व का पाडल्या हे ठाऊक नसले तर मात्र वाटावयास पाहिजे. ऱ्हाइनच्या त्या खोऱ्यास २००२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, शिवनेरीसह बारा मराठा किल्ल्यांस तो २०२५ च्या जुलैत मिळाला, हे सांगितल्यावर मुलाने तेवीस वर्षांचे अंतर बोटांवर मोजले आणि आपला शेरा दिला, "उशीर झाला, पण झाला."

खाली उतरून आईस हा संवाद सांगितला. ती एवढेच म्हणाली, "१६८९ म्हणजे आपल्या वढूचे साल." खरेच! फ्रेंचांनी ऱ्हाइनचे किल्ले जाळले त्याच वर्षी, ११ मार्चला, भीमाकाठी संभाजीमहाराजांचा वध झाला. त्यापूर्वी त्यांना भीमेच्याच काठी, दौंडच्या पलीकडे पेडगावच्या बहादुरगडावर आणले होते. त्या गडास आता धर्मवीरगड म्हणतात. कुकडीच्या उशाशी बापाचा जन्म, आणि कुकडीचे पाणी ज्या भीमेस मिळते तिच्या काठी लेकाची अखेर. नकाशावर या दोन ठिकाणी बोट ठेवून पाहिले तर मध्ये नदीची एक निळी रेघ आहे, दुसरे काही नाही. पोरगा बराच वेळ ती रेघ पाहत होता.

त्याच सायंकाळी लेण्याद्री. येथे डोंगराच्या पोटात बौद्ध लेण्यांची रांग आहे, सुमारे तीस. त्यांतील सातव्यात गिरिजात्मज विनायक. पायऱ्या तीनशेच्या घरात. आईने खालूनच नमस्कार केला. "कळसाला नमस्कार केला की पोहोचतो," ती म्हणाली. कळस येथे नाहीच, असे पणतूने निदर्शनास आणल्यावर म्हणाली, "मग डोंगराला केला."

चौथ्या दिवशी भल्या पहाटे पश्चिमेची वाट धरली. जुन्नरच्या पुढे हवा पालटते, माती पालटते, माणसांचे बोलणेही पालटते. शिरूरकडे पाऊस जेमतेम. येथे घाटमाथ्यावर तो कोसळतो. आश्विन असल्याने भाताची खाचरे पिवळी होत आली होती, आणि उतारावर सोनकीची फुले अशी पसरली होती की आईसदेखील ती स्पष्ट दिसली. "पिवळे आहे ना रे ते सगळे?" तिने विचारले. "होय," मी म्हटले. तिने दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी होय म्हटले.

वाटेत चावंडचा गड. महाराजांनी याचे नाव प्रसन्नगड ठेवले होते. पण नावाप्रमाणे तो आगंतुकावर प्रसन्न होत नाही. मी आणि मुलगा, दोघेच वर गेलो. सुरुंगांनी उडविलेल्या पायऱ्यांच्या जागी एके ठिकाणी कातळात केवळ पाऊल टेकेल एवढ्या खाचा आहेत, आता आधारास कठडा आहे. आणि त्याच चढावर एक लहान तोफ उभी पुरलेली आहे, चढणाऱ्याच्या हातास धरावयास! ज्या तोफेने माणसे खाली पाडावयाची तिने माणसांस वर चढण्यास हात द्यावा, हे मुलास फार गमतीचे वाटले. माथ्यावर सप्तमातृकांच्या नावाने ओळखली जाणारी सात टाकी आहेत. निजामशाहीचा लहानगा वारस बहादूर यास याच गडावर कोंडले होते. पुढे त्याच्याच गादीसाठी चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढविला. शेजारच्या जीवधनावरही असाच एक निजामशाही मुलगा, मूर्तजा, कैदेत होता. १६३३ साली शहाजीराजांनी त्यास सोडवून पेमगिरीवर तख्तावर बसविले. या डोंगरांनी किती पोरक्या राजपुत्रांस सांभाळले किंवा कोंडले, याची गणना करू जाता मन विषण्ण होते.

चावंड, हडसर, जीवधन आणि शिवनेरी, हे चार गड इतके जवळजवळ का, याचे उत्तर शेवटी नाणेघाटात मिळते. पण त्याआधी आईचे काम होते.

चावंडच्या पुढे पूर नावाच्या गावाशी कुकडेश्वराचे जुने कोरीव दगडी शिवालय आहे. कुकडीचा उगम येथलाच मानतात. आम्ही आईस दोन्ही बाजूंनी धरून नेले. मनात मला धास्ती होती. त्रेपन्न वर्षे जपलेली गोष्ट प्रत्यक्षात किती लहान निघेल कोण जाणे! आणि खरोखरच ती लहान होती. दगडांच्या कडेने येणारी पाण्याची एक बारीक धार, एका ओंजळीत मावेल एवढी. ऱ्हाइन पाहिलेला मुलगा माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

आई खाली बसली. तिने पाण्यास हात लावला, डोळ्यांस लावला, आणि हसली. म्हणाली, "झिरा आहे रे! आपण उकरायचो तसाच झिरा. म्हणजे माहेरीही हिची परिस्थिती बेताचीच." आम्ही सारे हसलो, नंतर सौभाग्यवतीने पदर डोळ्यांस लावलेला मी पाहिला. पुतण्याने बाटली भरून घेतली. आईने ती त्यास पुन्हा ओतावयास लावली. "माहेरून निघालेल्या मुलीला वाटेत अडवू नये. ती येते आपली आपण." धरणांचे आणि कालव्यांचे मी तिला काही सांगणार होतो, सांगितले नाही.

दोन प्रहरी नाणेघाट. येथे सह्याद्रीचा कडा सरळ कोकणात तुटतो, आणि त्या कड्यातील एका खिंडीतून प्राचीन वाट खाली वैशाखऱ्याकडे उतरते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतील माल याच वाटेने घाटावर चढत असे, जुन्नर ही त्याची पेठ. खिंडीतील लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा. त्यात यज्ञांची नावे आहेत आणि दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. आपल्या देशातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत ते गणले जातात. सातवाहन राजपुरुषांच्या मूर्ती झिजून गेल्या, नावे तेवढी उरली. दोन हजार वर्षांपूर्वी एका विधवा राणीने केलेला हा घरचा जमाखर्च दगडावर अद्याप वाचता येतो. आमच्या गेल्या वर्षीच्या वह्या सापडत नाहीत.

लेण्यावर, खिंडीच्या तोंडाशी, एक भला मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांनी जकातीची नाणी त्यात टाकावयाची, अशी परंपरा सांगतात. जकात आली म्हणजे तिचे रक्षण आले, म्हणून वाटेच्या भोवती गड आले. मुलाने हे चटकन ओळखले. ऱ्हाइनवरही किल्ल्यांचे धनी नावांकडून जकात घेत. काउब गावाजवळ तर नदीच्या मध्यावर बेटावर बांधलेला एक किल्ला केवळ त्यासाठीच आहे. तेथे नाव अडवीत, येथे बैल अडवीत; एवढाच भेद.

गाडी रांजणापर्यंत जाते, त्यामुळे आईस तेथे नेता आले. पणतूने तिचा हात धरून रांजणाच्या काठावरून फिरविला. "पणजी, हा तिसरा," तो म्हणाला. "एक गावाच्या नावातला, एक नदीने केलेला, एक माणसांनी केलेला." आम्हां मोठ्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट त्याने जपून ठेवली होती. आईने विचारले, "यात काय आहे?" त्याने वाकून पाहिले आणि सांगितले, "पावसाचे पाणी." ती म्हणाली, "मग भरला म्हणायचा."

परतीच्या वाटेवर मुलगा तिच्या शेजारी बसून खिडकीतून जे दिसेल ते सांगत होता. कोठे शब्द अडला की ती पुरवीत होती. त्याच्या मराठीस तिचे कान आणि तिच्या डोळ्यांस त्याची दृष्टी, असा दोघांचा व्यवहार जुळला. कोब्लेंझला परतल्यापासून तो दर रविवारी दूरध्वनीवर तिला ऱ्हाइनचे वर्तमान सांगतो. पाणी चढले की उतरले, हा तिचा पहिला प्रश्न असतो.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार शब्द. पावसाळा सरल्यावर, आश्विनापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. भर पावसात नाणेघाटाची शोभा अलौकिक असते, पण वृद्धांसाठी व लहानांसाठी ती शोभा नव्हे, धोका आहे. मुक्काम जुन्नरास करावा. तेथून लेण्याद्री अगदी जवळ, नाणेघाट सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर. शिवनेरी कोणाही निरोगी माणसास चढता येतो. चावंड सवय असलेल्यांनी, जीवधन माहीतगार वाटाड्या घेऊनच. पाणी घरून न्यावे, टाक्यांत हात-पाय धुऊ नयेत, आणि लेण्यांच्या भिंतींवर स्वतःची नावे कोरणाऱ्या आपल्या बांधवांस शक्य तेथे नम्रपणे अडवावे. नागनिकेचा लेख दोन हजार वर्षे टिकला. तो आपल्या पिढीत गेला, असे होऊ नये.

आणि घरात कोणी वडीलधारे "एक बघायचे राहिले आहे" असे म्हणाले, तर खर्चाचा अजमास मागाहून करावा.